हुरड्याची पहिली मूठ

काष्टीच्या रस्त्याला पुन्हा पाट्या लागल्या आहेत. 'गरमागरम हुरडा', 'हुरडा पार्टी, झोक्याची सोय', 'चुलीवरचं पिठलं मिळेल'. एका पाटीवर तर फेटा बांधलेलं ज्वारीचं कणीस काढलं आहे आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला डोळा मारतं आहे. उसाच्या ट्रॉल्या या पाट्यांना घासून कारखान्याकडे जातात, पुण्याच्या गाड्या त्यांच्यापुढे थांबतात, आणि बाजारातून येताना मला कळतं की माझ्या सवती यायची वेळ झाली.

सवती म्हटलं की लोक दचकतात. मला दोन आहेत. दोन्ही पुरुष, दोन्ही फौजेतले, आणि दोघंही एकाहत्तरच्या लढाईत गेलेले. एक किसन, दुसरा दादाभाऊ. आमच्या हवालदारांचे जिवलग. हवालदार म्हणजे माझे यजमान. त्याच हुद्द्यावर ते घरी आले, गाव अजून त्यांना त्याच नावानं हाक मारतं, आणि नवऱ्याचं नाव घ्यायची माझ्या जिभेला सवय नसल्यामुळे मीही तेच लिहिते. हे तिघं आमच्या गावातून एका एसटीनं नगरला गेले, एकत्र भरती झाले, एका पलटणीत लागले. परत एकटे हवालदार आले.

मेलेल्या माणसांचा हेवा करू नये म्हणतात. मी करते. वय सत्तरी ओलांडून गेलं, गुडघे गेले, डोळ्यांत लेन्स बसली, पण हा हेवा अजून ठणठणीत आहे. देशासाठी जीव दिलेल्या दोन पोरांवर जळणारी बाई म्हणून मला कुणी नावं ठेवली तर ठेवू देत. त्यांच्या स्मारकाला हार घालणाऱ्यांना माझ्यासारखं त्यांच्याबरोबर नांदावं लागलेलं नाही.

भांडण एका मुठीचं आहे. हुरड्याच्या पहिल्या मुठीचं.

आमच्या रानात बांधावर एक बोर आहे. तिच्याखाली दोन दगड रोवलेले आहेत, गुडघाभर उंचीचे. त्यांना शेंदूर नाही की त्यांच्यावर नाव नाही. हवालदारांनी फौजेतून सुट्टीवर आल्यावर ते ओढ्यातून स्वतः आणले आणि बसवले. दरवर्षी गूळभेंडी ज्वारी हुरड्यात आली की त्या दगडांच्या पुढ्यात आगटी पेटते. हातभर खड्डा, त्यात गोवऱ्या, त्यांचा विस्तव झाला की राखेत कणसं खुपसायची. दगड असे बसवलेत की दोघंजण आगटीला शेकत बसलेत असं वाटावं. तिसऱ्या बाजूला हवालदार बसतात. चौथी बाजू माझी. आमच्याकडे थंडीत वारा ज्या अंगानं वाहतो, त्यानं सगळा धूर त्या चौथ्या बाजूलाच येतो. हे मुद्दाम केलंय असं मी म्हणणार नाही, पण इतक्या वर्षांत कुणी जागा बदलून घे असंही म्हणालं नव्हतं.

कणीस भाजलं की निखाऱ्यातून काढायचं, गरम असतानाच डाव्या तळव्यावर धरायचं आणि उजव्या तळव्यानं चोळायचं. मग फुंकर मारून कोंडा उडवायचा. मुठीत हिरवे, मऊ, वाफाळते दाणे उरतात. गार झालेलं कणीस सुटत नाही, म्हणून चोळणाऱ्याचे हात पोळतातच. तेवढ्यासाठी आमच्या भागात हुरडा चोळून देणं हे मायेचं काम समजतात. आई लेकरांना देते. माहेरी आलेल्या बहिणीला भाऊ देतो. माझ्या नेवाशाच्या माहेरी, प्रवरेच्या काठच्या मळ्यात, माझे वडील माझ्या आईला पहिली मूठ द्यायचे, चारचौघांत, न लाजता. आई पदर पुढे करायची. लग्न होऊन या कोरड्या रानात आले तेव्हा मला वाटलं होतं, इथंही तसंच असेल.

आमच्याकडे पहिली मूठ किसनाची. दुसरी दादाभाऊची. पळसाच्या पानावर, गुळाच्या खड्यासकट, दगडांपुढे. दादाभाऊच्या पानावर वर दोन रेवड्या, कारण त्याला काष्टीच्या बाजारातल्या रेवड्या आवडायच्या. मला त्याच बाजारातली गोडीशेव आवडते. हवालदारांनी बाजारातून उभ्या जन्मात रेवड्याच आणल्या. मग तिसरी मूठ माझी, ती द्यायला त्यांनी कधी कसूर केली नाही. पण तोवर हात जरा गार झालेले असतात, आणि डोळ्यांत माझ्या धूर असतो. मी ती खाते आणि म्हणते, "छान झालाय." बाई बाई, किती खोटं बोलले मी त्या दोन शब्दांत.

त्यांच्या तुलनेत माझं काय काय कमी पडलं याचा हिशोब करायला बसले तर रात्र पुरणार नाही. आमच्या माजघरात तिघांचा फोटो आहे. नगरच्या एका स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेली बाग आणि कारंजं. मधे हवालदार, दोन बाजूंनी हे दोघं, सगळ्यांचे भांग तेल लावून चापून बसवलेले. भरती झाल्याच्या आनंदात खास फोटो काढायला गेले होते. आमच्या लग्नाचा मात्र फोटो नाही. वऱ्हाडात तेवढे म्हातारे-कोतारे जमले होते, पण फोटोवाला बोलवावा हे एकालाही सुचलं नाही. किसन आणि दादाभाऊ त्या भिंतीवरून माझ्याकडे बघतात तेव्हा बाविशी-तेविशीतलेच असतात. त्यांना चष्मा लागला नाही. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या कुणी डबीत भरून ठेवत नाही. त्यांनी कधी जेवताना "मीठ कमी" म्हटलं नाही. असल्या माणसांशी कुठल्या बायकोनं बरोबरी करावी?

आणि दादाभाऊची आई. दादाभाऊचं लग्न झालेलं नव्हतं, त्या माउलीला दुसरं कुणी नव्हतं. हवालदार सुट्टीवर आले की आधी तिच्या ओसरीवर, मग घरी. शेवटी शेवटी तिला दिसेनासं झालं. पावलं वाजली की ती विचारायची, "दादा, आलास का रं?" आणि हे सरळ म्हणायचे, "व्हय आये, आलो." मी शेजारी उभी असायची. हे दादाभाऊ झाले की मी कोण, असा प्रश्न मला पडायचा, आणि आपल्या मनाच्या कोतेपणाचा राग यायचा, आणि तरीही पडायचा.

त्या हिवाळ्याचं सगळं मला वासासकट आठवतं. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. त्या वर्षी पाऊस बरा झालेला, त्यामुळे कणसं भरलेली, आणि पाखरांच्या धाडी. गावातल्या बाया-माणसं माचणावर चढून गोफणी फिरवायची. लढाई सुरू झाल्याचं चावडीवरच्या रेडिओनं सांगितलं होतं. पूर्वेकडे कुठेशी, नदी-नाल्यांच्या मुलखात. आमच्या कोरड्या गावातल्या पोरांना पाण्यातून चालत जाऊन लढायला लागतंय, याचं म्हाताऱ्यांना फार नवल वाटायचं. माझं लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. हवालदार, म्हणजे तेव्हाचे साधे शिपाई, नवरात्रात रजेवर आले होते, आणि रजा अर्ध्यात असतानाच त्यांना परत बोलावणं आलं. निघताना मी त्यांना एक पिशवी दिली होती. सासूबाईंनी आदल्या वर्षीचा हुरडा वाळवून गाडग्यात ठेवलेला होता, तो मी तेलावर परतला, त्यात लसूण-मिरची कुटून घातली, मीठ घातलं, आणि माझ्या रुखवतातल्या खणाची पिशवी शिवून तीत भरला. नव्या नवरीची पहिली करामत. "तिघांनी खा," असं मी दारातून म्हटलेलं मला पक्कं आठवतं. कारण तेवढं एकच वाक्य मी त्या दिवशी सगळ्यांदेखत त्यांच्याशी बोलले होते. तो हुरडा कसा झाला होता, हे मला त्यांनी इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. त्या दोघांनी काय म्हटलं असेल, याचा विचार करत मी कितीतरी दिवस काढले. पुढे विचार करणं सोडलं. तोही त्यांच्या तिघांतला मामला, म्हटलं, आपण कशाला नाक खुपसा.

तर त्या हिवाळ्यात तार घेऊन पोस्टमन आला. तो सायकलवर यायचा. उभ्या ज्वारीतून सायकल दिसायची नाही, नुसती त्याची खाकी टोपी कणसांच्या वरून सरकताना दिसायची. ऐन दुपारची वेळ. एकेका माचणावर एकेक बाई, हातातली गोफण तशीच लोंबकळती ठेवून, ती टोपी कुठल्या पायवाटेला वळते ते बघत उभी राहिली. पाखरांना त्या दिवशी रान मोकळं मिळालं. टोपी आमच्या बांधापर्यंत आली. थांबली. मग किसनाच्या वस्तीकडे वळली. थोड्या वेळानं परत आली, पुन्हा आमच्या बांधावरून गेली आणि दादाभाऊच्या घराकडे वळली. किसनाच्या वस्तीवरून शेवंताचा आवाज आला, तो मी कधी विसरणार नाही. शेवंता म्हणजे किसनाची बायको, माझ्याहून वर्षभरानं लहान.

त्या दोघांचे देह गावात आलेच नाहीत. तिकडेच अग्नी दिला. पुढे दोघांच्या सामानाच्या दोन पेट्या आल्या, आणि बऱ्याच महिन्यांनी हवालदार आले. स्टँडवर उतरलेला माणूस माझा होता, पण तो वाटून घेतलेला होता, हे मला घरी पोचेपर्यंत कळलं.

दर विजय दिवसाला आमच्या शाळेसमोर स्मारकापाशी कार्यक्रम असतो. मी तिथं शिक्षिका होते तोवर तो मीच बसवायचे. पोरांची भाषणं मीच लिहून द्यायची, रांगोळी मीच काढायची, चुन्याच्या रेषा मीच मारून घ्यायची. सरपंच बदलत गेले, पण भाषण तेच राहिलं. "वीरपत्नी शेवंताबाई यांनी व्यासपीठावर यावं." शेवंता डोक्यावरचा पदर सावरत वर जाते. शाल, नारळ, टाळ्या. मग "त्यांचे सहकारी, माजी सैनिक हवालदार साहेब." तेही वर जातात आणि किसनाच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसतात. मी खाली, पोरांच्या रांगेमागे, कुणी चुळबुळ केली तर डोळे वटारायला. जो गेला त्याच्या बायकोला वीरपत्नी म्हणतात. जो परत आला त्याच्या बायकोला आपल्या भाषेत शब्दच नाही. तिनं रांगोळी काढायची.

एका वर्षी मला राहवलं नाही. कार्यक्रम संपला, मंडप सोडायचं चाललं होतं, शेवंता शाल घडी करत होती. मी म्हटलं, "शेवंता, तुझं बरं आहे गं. तुझा किसन कायमचा तरणा राहिला. आमच्याकडे बघ, रोज सकाळी खोकला, रोज रात्री घोरणं, आणि सगळं लक्ष तुझ्या नवऱ्याकडे."

तोंडातून गेलं आणि मलाच धसका बसला. शेवंतानं शालीची घडी पूर्ण केली. तिला राग आलेला दिसला नाही.

"बाई, खरं सांगू का?" ती म्हणाली. "तुमी बाजाराला जाताना हवालदारावर वरडता ना, 'पिशवी घेतली का, चष्मा घेतला का', ते माज्या वस्तीपातूर ऐकू येतं. मला लई राग येतू तुमचा."

"माझा?"

"व्हय. म्हनलं, आपल्याला बी कुनावर तरी असं वरडाया पायजेल हुतं. शालीवर काय वरडायचं?"

आम्ही दोघी हसलो. एकमेकींवर जळणाऱ्या बायका जशा हसतात, तशा. त्यानंतर तिच्यावरचा माझा हेवा बराच कमी झाला. किसनावरचा मात्र होता तसाच राहिला. उलट वाढला. म्हटलं, बघा, या माणसानं दोन बायकांना झुरत ठेवलं, आणि स्वतः दगडात बसून पहिली मूठ खातो.

पहिली मूठ त्यांनाच का, हे मी यांना कधी विचारलंच नाही असं नाही. पहिल्या वर्षी विचारलं. मधे एकदा भांडणात विचारलं. मुलगी झाली त्या वर्षी लाडात येऊन विचारलं, की यंदा तरी पहिली मूठ लेकीच्या आईला द्या. उत्तर एकच. "तुला न्हाई कळायचं बाई." सगळं गाव मला शाळेमुळे बाई म्हणतं, तसं हेही बाईच म्हणतात. मला नाव आहे, ते सातबाऱ्यावर आणि पेन्शनच्या पासबुकावर आहे. शेवंता सांगते, किसन तिला शेवू म्हणायचा. मी यांच्याशी बोलताना नेहमी हरले, कारण ज्यांच्याशी माझं भांडण होतं ते कधी तोंड उघडत नव्हते. जिवंत सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या.

यंदा दिवाळीनंतर हवालदारांना लकवा झाला. हलकासा होता, डॉक्टर म्हणाले थोडक्यात निभावलं. बोलतात, चालतात, फक्त उजवा हात ऐकत नाही. मूठ मिटत नाही. शर्टाची बटणं मी लावते. मला ते आवडतं, हेही सांगून टाकते. इतक्या वर्षांत हा माणूस असा माझ्या हाताशी कधी सापडला नव्हता. सकाळी बटणं लावताना मी मुद्दाम सावकाश लावते.

आजूबाजूला सगळा ऊस झालाय. ऊस तोडकऱ्यांच्या कोप्या, पाचटाच्या त्या झोपड्या, आमच्या बांधापर्यंत आल्यात. आम्ही बोरीजवळचा एक तुकडा तेवढा गूळभेंडीचा ठेवतो, केवळ या दोन पाहुण्यांसाठी. परवा हवालदार सकाळी रानात जाऊन आले आणि म्हणाले, "हुरड्यात आलीय. उद्या आगटी करू." मुलं आपापल्या गावी, कुणी येणार नव्हतं. मी गोवऱ्या नेल्या, गूळ नेला, लसणाची चटणी नेली. रेवड्या त्यांनी आधीच आणून ठेवल्या होत्या. आगटी पेटली. हवालदार त्यांच्या जागी बसले, मी माझ्या, धुरात. कणसं राखेत गेली. आणि ती फुलून फट्फट् वाजायला लागली तेव्हा दोघांच्याही एकदम ध्यानात आलं. चोळायला दोन हात लागतात.

हवालदारांनी डाव्या हातानं एक कणीस काढलं. मांडीवर दाबून धरलं आणि डाव्या पंजानं ओरबाडायला लागले. दाणे चेंगरले, अर्धे मातीत गेले. दुसरं घेतलं. तेही तसंच. मी बघत बसले. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही असं नाही, पण तिच्या आधी दुसरंच काही आलं. मी मनात म्हटलं, झालं, संपलं यांचं. आता पहिली मूठ निघायचीच नाही.

"औंदा तुलाच चोळावं लागंल," ते म्हणाले.

"कुणासाठी?" मी माहीत असून विचारलं.

"म्हंजी काय इचारती? त्यांच्यासाटी."

बघा. ज्यांच्यापायी माझा जन्म धुरात गेला, त्यांना आता मीच वाढायचं. मी कणीस हातात घेतलं आणि तसंच धरून बसले. गरम होतं. म्हटलं, "माझ्या हातचं चालेल का त्यांना? त्यांना तुमच्या हातची सवय."

मी हे टोचायला म्हटलं होतं. ते टोचलं. हवालदार दगडांकडे बघत राहिले. पलीकडच्या उसातून तोडकऱ्यांच्या कोयत्यांचा आवाज येत होता.

"तुझ्या हातचंच त्यांना द्यायचं ऱ्हायलंय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ती पिशवी आठवती का? खनाची."

मला आठवते का म्हणे.

"ती तिघांसाटी हुती," ते म्हणाले.

"मग? खाल्ला की तिघांनी."

"न्हाई. म्या एकट्यानं खाल्ला."

त्यांनी डाव्या हातानं निखारे उगाच सारखे केले.

"पाठीवरच्या पिट्टूत तळाला ठिवली हुती पिशवी. रोज एक चिमूट काढून खायाचो, त्यांची पाठ वळली म्हंजी. किसनाला वास लागला. म्हनला, लसनाचा वास येतोय, वयनीनं काय दिलंय रं? म्या म्हनलं, काय न्हाई, कुटं काय. दादाभाऊ हसला. म्हनला, असू दे रं किसना, नवी नवरी हाय त्याची, लपवू दे त्याला." हवालदारांनी हाताची राख मांडीला पुसली. "म्हंजी ठावं हुतं दोगांना बी."

"अहो, पण का?" मी म्हटलं. "मी सांगितलं होतं की तिघांनी खा. पुरेसा दिला होता."

"पुरंसा हुता गं. पुरंसा हुता म्हनून काय झालं?" त्यांचा आवाज चढला. "वर्स बी झालं नव्हतं लगीन हून. तुझ्या हातची तेवढीच चीज माज्यापाशी हुती. ती त्यांच्या तोंडात गेल्याली मला बगवली नसती. भाऊ हुते माझे ते. जीव दिला असता त्यांच्यासाटी. पर हुरडा न्हाई दिला."

मग ते हळू बोलायला लागले. पुढे जायचा हुकूम आला तेव्हा त्यांना लाज वाटली होती. ठरवलं होतं, नदीपलीकडच्या गावात पोचलं की पिशवी काढायची आणि तिघांनी मिळून फस्त करायची. शिव्या खायच्या दोघांच्या. पलीकडे हे एकटे पोचले.

"थोडा उरला हुता. दोगांना तितं अग्नी दिला, तवा म्या पिशवी बी त्यात ठिवली." त्यांनी माझ्याकडे बघितलं. आजवर मी ज्या तोंडानं त्यांना विचारत आले, त्याच तोंडानं त्यांनी मला विचारलं, "बाई, तू शिकल्याली हायस. तू सांग. पोचला असंल का त्यांना?"

 

मला काय वाटलं ते लिहिते, जसं वाटलं तसं. आधी राग आला, सणसणीत. हे एवढं सांगायला माणसाला म्हातारपण आणि लकवा लागावा? मी इतकी वर्षं त्या दोघांवर जळले, आणि हा माणूस माझ्या एका पिशवीपायी त्याच दोघांवर जळला होता, माझ्या आधी, माझ्याहून जास्त. मग रागाच्या पाठोपाठ आनंद झाला. आगटीपुढे, दोन मेलेल्या माणसांच्या साक्षीनं, मला झाला. माझ्यासाठी कुणीतरी जिवाभावाच्या मित्रांशी खोटं बोललं होतं. मी अठरा वर्षांची असताना मला हवं होतं ते सगळं त्या पिशवीच्या तळाशी होतं, आणि मला कुणी कळवलंच नव्हतं. आणि मग, जेव्हा किसनाचं ते "वयनीनं काय दिलंय रं" माझ्या कानात पुन्हा वाजलं, तेव्हा मला रडू फुटलं. भूक लागली असेल हो पोरांना. वास येत होता, विचारत होती, आणि मिळालं नाही.

"धूर लागला का?" हवालदार म्हणाले. "हिकडं सरक की."

मी सरकले. त्यांच्या शेजारी बसले, दोन्ही दगड समोर ठेवून.

राखेतून नवं कणीस काढलं. चांगलं भरलेलं बघून घेतलं. तळहातांवर धरून चोळलं. कातडी पोळली, पण मी सोडलं नाही. फुंकर मारली. कोंडा बोरीकडे उडाला आणि माझ्या मुठीत हिरवे दाणे उरले, वाफाळते, पहिल्या कणसाचे. पहिली मूठ. जन्मभर जी मागितली ती माझ्याच हातात होती, अडवणारं कुणी नव्हतं. हवालदार तर खालीच बघत होते. मी ती किसनाच्या पानावर ठेवली. चटणीतला लसूण वेचून वर घातला, त्याला वास आवडला होता म्हणून. दुसरं कणीस चोळलं, ते दादाभाऊच्या पानावर. रेवड्या ठेवल्या. "तिघांनी खा" म्हटलेली मीच होते, तेव्हा आता वाढायचं कामही माझंच होतं.

तिसरं कणीस चोळलं. हवालदारांनी डावा हात पुढे केला, ओंजळ अर्धीच झाली, कारण दुसरा हात येईना. एरवी मी लगेच दिलं असतं. त्या हाताकडे बघून कुणालाही द्यावंसं वाटलं असतं. पण पहिल्यांदाच मला त्या दोघांची बाजू घेऊन नवऱ्याशी भांडावंसं वाटत होतं. मी मूठ मिटून धरली.

"थांबा जरा," मी म्हटलं. "आधी त्यांचं होऊ द्या."